अर्ज आरतीचा, मोबाईल काकांचा

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

तासगावजवळच्या आमच्या कॉलेजात मी बारावीच्या मुलांना इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे अर्ज भरायला मदत करते. आज शेवटचा दिवस होता. आरतीला मार्क उत्तम, तिने पुण्याची कॉलेजं निवडलेली. फक्त ओटीपी टाकायचा राहिला होता.

तो गेला तिच्या चुलत्यांच्या मोबाईलवर. वडील सैन्यात, आणि पोरीच्या हातात फोन द्यायचा नाही हा घरचा नियम. म्हणून अर्जावर नंबर काकांचा!

मी त्यांना फोन केला. म्हणाले, "आवं मॅडम, पोरीला पुण्याला कशाला धाडायचं? सांगलीत कॉलेजं न्हाईत व्हय? सांगलीचं टाका, मग सांगतो ओटीपी." आणि फोन ठेवून दिला.

यांच्या स्वतःच्या मुलाला दहावी होताच नवा मोबाईल मिळाला. तो पुण्यात शिकतोय. त्याला कुणी विचारलं नाही, पुण्याला कशाला म्हणून.

शेवटी आरतीने माझ्या मोबाईलवरून शेजारणीच्या फोनवर आईला गाठलं. कधी दिरासमोर मान वर न करणारी ती बाई तडक गेली, त्यांच्या हातातून मोबाईल घेतला आणि नव्याने आलेला ओटीपी आम्हाला फोनवर वाचून दाखवला. साइट बंद व्हायच्या आत अर्ज गेला.

मी सुटकेचा निःश्वास टाकला. आरती मात्र हळूच म्हणाली, "मॅडम, अ‍ॅडमिशन मिळाली तर त्याचा मेसेजबी काकांनाच जाणार न्हवं?"

तुमच्या घरातल्या मुलीच्या अर्जावर मोबाईल नंबर कुणाचा आहे?