म्हावऱ्याची पाटी

त्या दिवशी मी रामेश्वराशी चक्क भांडले. चौलमध्ये पूर्वी तीनशे साठ देवळं आणि तीनशे साठ तळी होती, हे लहानपणापासून कौतुकानं ऐकलेलं. आता त्यातलं एकेक तळं मला नकोसं झालं होतं. माझे वडील, आप्पा, सकाळपासून बेपत्ता होते. जन्मभर त्यांना या पडक्या शहराचा नाद. वर्षभरापूर्वी विसरायला लागले आणि त्यांच्या लेखी चौलचं ते जुनं बंदर पुन्हा गजबजलं. "बाजारात जाऊन येतो," असं ते रोजच म्हणायचे आणि अंगणातून परत यायचे. त्या दिवशीही मी भाजी चिरता चिरता "या" म्हटलं. ते आलेच नाहीत.

एसटीचा थांबा, रेवदंड्याचा कोट, किनारा, सगळीकडे स्कूटर फिरवली. वाटेतल्या प्रत्येक तळ्यात डोकावून पाहिलं. रामेश्वराच्या पुष्करणीतही काही दिसलं नाही, तेव्हा देवळाच्या दारातूनच मी देवाला म्हणाले, "एवढी सेवा केली त्यांनी तुझी. एक म्हातारा सांभाळता येत नाही तुला?"

निघणार तोच एका कोळणीनं डोक्यावरची पाटी माझ्यापाशी उतरवली. "बाय, बघ जरा. म्हावरा घेऊन देवलान कशी जाव?" आणि ती आत गेलीसुद्धा. मी अशी चिडले! पण कावळे टपलेले. दुसऱ्याची मासळी सोडून जाववेना. सकाळपासून पहिल्यांदाच मी बूड टेकलं. कावळे हाकता हाकता रडू फुटलं. "माझ्याच्यानं नाही होत आता. तूच बघ," एवढंच पुटपुटले. या खेपेला त्यात राग नव्हता.

कोळीण बाहेर आली. माझे डोळे पाहून तिनं विचारलं, मी सांगितलं.

"पांढऱ्या टोपीचा? तो हमामखान्यान बसलाय गो. मना सांगतंय, पाणी अजून तापलं न्हाय."

हमामखाना म्हणजे जुन्या नगरातलं पडकं स्नानघर. त्याच्यासमोरून मी दोनदा गेले होते, झाडीत शिरून पाहिलं नव्हतं. तिच्या पाटीपाशी थांबले नसते तर तिसऱ्यांदाही तशीच गेले असते. ही कृपा की योगायोग, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मी फक्त हात जोडते.

आप्पा भिंतीला टेकून निवांत बसले होते. मला निरखून म्हणाले, "कोणाची गं तू?"

इतर दिवशी हा प्रश्न काळजात घुसतो. त्या दिवशी मी त्यांच्या पायांशी बसले आणि म्हटलं, "तुमचीच."