टॉवरच्या फोटोचं वर्णन

धानोऱ्याच्या शमीमबाई नवऱ्याच्या शिलाईच्या दुकानात एका कोपऱ्यात बसून लोकांची वेब पानं बनवतात. आमच्याकडे इंटरनेटचा भरवसा नाही, म्हणून पानातल्या चुका शोधणारा प्रोग्राम त्यांनी कॉम्प्युटरमध्येच भरून ठेवलाय. त्याने दाखवलेली चूक काढल्याशिवाय पान बाहेर जात नाही. घाई करणाऱ्याला त्या चहासुद्धा विचारत नाहीत.

एक साहेब मोबाइल टॉवरच्या उद्घाटनाचं पान करून घ्यायला आले. प्रोग्रामने एकच चूक काढली: फोटोचं वर्णन लिहिलेलं नाही.

"ते कोण वाचतं?" साहेब म्हणाले.

"ज्याले फोटो दिसत नाई, तो वाचते."

"मग लिहून टाका बाई, जे दिसतंय ते."

बाईंनी चष्मा पुसून फोटो पाहिला आणि लिहिलं: 'सिमेंटचा चबुतरा. त्यावर हार घातलेले साहेब. मागे बकरी. टॉवर नाही.' चुका शून्य झाल्या. साहेबांनी तेवढं शून्य पाहिलं आणि नेट धड चालतं त्या ब्रह्मपुरीला जाऊन पान इंटरनेटवर चढवलं.

आमच्याकडे नेट आलंच तर इतकं रडतखडत येतं, की फोटो उघडतच नाही. त्याच्या जागी नुसतं वर्णन दिसतं. ते अख्ख्या तालुक्याने वाचलं.

साहेब तणतणत दुकानात आले. "बाई, हे आत्ताच्या आत्ता इथून बदला."

"बदलते न साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण इथून चढवायले नेट लागते. आधी टॉवर उभा करा."