सावळीराममामांचा 'ड' वर्ग

कचेरीतला अभिलेख कक्ष चौतीस वर्षं सांभाळून सावळीराममामा निवृत्त झाले, आणि महिन्याभरात इंदिरानगरच्या आपल्या दोन खोल्यांत त्यांनी दुसरा अभिलेख कक्ष थाटला. दोन जुने कंप्युटर, चार हार्डडिस्क आणि वायरींचा असा गुंता, की झाडू मारताना त्यांच्या बायकोला, चांगुणाबाईंना, नकाशा लागावा. घरातला प्रत्येक फोटो, कागद, निरोप आता आपल्याच सर्व्हरवर राहणार होता. व्हिडिओ बघत, वहीत उतरवून घेत मामा ही विद्या शिकले.

"त्या डब्याला टेबलफॅन, आणि मी गॅसपुढे घामाघूम!"

"अगं, तापला तर बंद पडेल तो."

"आणि मी?"

मामांचा हात सरकारी. 'अ' वर्ग कायम जतन, 'ड' वर्ग वर्षाने नष्ट. घराचे कागद, मुलीच्या, संजनाच्या, लग्नाचे फोटो 'अ'मध्ये गेले. चांगुणाबाई फोनवर बोलके निरोप धाडत, "येताना कोथिंबीर आणा, मागच्यासारखं गवत नको." ते अर्थातच 'ड'. निरोप सर्व्हरवर चढला की मामा दोघांच्या फोनमधून तो पुसत. वर्ष भरलं की सर्व्हरने तो स्वतः पुसायचा, अशी आज्ञा त्यांनी लिहून ठेवली होती.

गेल्या मार्चमध्ये चांगुणाबाई झोपेतच गेल्या. निरोप ऐकायचा मामांना वर्षभर धीर झाला नाही. पहिला स्मृतिदिन झाला, पाहुणे पांगले, तेव्हा त्यांनी संजनाला शेजारी बसवून फोल्डर उघडलं.

रिकामं.

"बाबा, तुम्ही तर सगळ्याच्या दोन प्रती ठेवता ना?"

"दोन्ही नष्ट झाल्या. नियमाप्रमाणे." मामा पडद्याकडे बघत राहिले. "रोज एकेक जात होता. मी इथंच बसून पेपर वाचत होतो."

"आईला 'ड'मध्ये टाकलंत?"

"तेव्हा ती घरात होती गं."

मामांनी कीबोर्ड पुढे ओढला आणि आठवतील ते निरोप एका बोटाने टाइप करू लागले. कोथिंबीर. गॅसवाला आला नाही. छत्री विसरलात, नेहमीसारखी. ओळी भराभर आठवत होत्या. पानभर झाल्यावर त्यांनी चष्मा सारखा केला आणि पहिली ओळ मोठ्यांदा वाचली.

आवाज त्यांचा स्वतःचाच आला.