आवाजाचा आडोसा

मी भैरा नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्या एका शब्दावरून झालं.

आमच्याकडे बहिऱ्याला भैरा म्हणतात. कॉलेजच्या मैदानावर पेट्रोलच्या मशीनीनं गवत कापायला लागून मला बारा-तेरा वर्षं झाली होती. खांद्यावर पट्टा, हातात लांब दांडा, पाठीमागं इंजिन आणि दिवसभर कानात त्याची फडफड. अशात लांबून कोणी हाक मारली तर ऐकू कशी येणार? कंत्राटदाराचा सुपरवायझर नवा आला तेव्हा त्याने दोन-तीन हाका मारल्या. मी वळलो नाही. तो तणतणत जवळ आला आणि शिपायांच्या देखत म्हणाला, "हा भैरा कुठून आनला बे?"

शिपाई हसले. त्या दिवसापासून माझं नाव तेच पडलं. माझ्या धाकट्या पोराच्या वयाचा तो माणूस. काका नाही, बुवा नाही. भैरा.

तिसरीपर्यंत शिकलेला मी, तोंडानं त्याला पुरणार नव्हतो. पण मी विसरणाराही नाही. माझी बायको म्हणते, "तुमच्या पोटात गेलेली गोष्ट पचतच नाही. दहा वर्षांनी निघाली त तशीच्या तशी." ती हे चांगल्या अर्थानं म्हणत नाही, पण मला ते आवडतं.

त्या पेट्रोलच्या मशीनीचा मला अभिमान होता. पेट्रोलमध्ये टूटी ऑइल किती घालायचं ते मी मापानं नाही, रंगावरून ठरवत होतो. गवतात दगड लपला असेल तर पात्याचा आवाज बदलायच्या आधी माझा हात वर यायचा. तरोट्याचं रान असो की गाजरगवताचं, माझ्यामागं मैदान ताट पुसल्यासारखं दिसायचं.

सुपरवायझरला त्या मशीनीचा वेगळाच उपयोग होता. कोणाला कळू नये असा फोन करायचा असला की तो माझ्यापासून चार-पाच हातांवर येऊन उभा राहायचा. इंजिनचा आवाज म्हणजे त्याची भिंत. भिंतीआड उभं राहून तो मोठमोठ्यानं बोलायचा, आणि भिंतीपलीकडच्या कोणाला एक अक्षर कळायचं नाही. मलाही नाही. मी त्याचा आडोसा होतो, कडुनिंबाच्या खोडासारखा.

मग वर्गात आवाज जातो म्हणून प्राचार्य साहेबांनी बॅटरीच्या मशीनी घ्यायचं ठरवलं. साहेबांवर माझा राग नाही. पोरं शिकतात, आवाज जातो, ते बरोबरच आहे. पण माझी जुनी मशीन स्टोअरमध्ये टाकून कुलूप लावताना सुपरवायझर जे बोलला ते मी जसंच्या तसं लिहितो. "आता हे शिकलेल्या मानसाचं काम आहे, भैऱ्या. तुले काय जमते?"

नवी मशीन हातात घेतली तेव्हा मला ती खेळणं वाटली. दोरी ओढणं नाही, धूर नाही. खटका दाबला की गुणगुण सुरू, खटका सोडला की एकदम चूप. पेट्रोलची मशीन कापत नसली तरी धडधडत राहते. ही मेल्यासारखी गप्प होते. मी नावं ठेवली, पण खरं सांगायचं तर पहिल्याच दिवशी रात्री जेवताना हात थरथरला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा भाकरीचा घास न सांडता तोंडात गेला. बायकोनं पाहिलं आणि आणखी एक भाकरी वाढली.

अडचण दुसरीच होती. दोन बॅटऱ्या मिळायच्या, आणि जेवणाच्या सुट्टीआधीच दोन्ही संपायच्या. चार्जर सुपरवायझरच्या खोलीत, किल्ली त्याच्याकडे. सकाळी तोच बॅटऱ्या काढून द्यायचा. बॅटरीवर एक बटण असतं, दाबलं की हिरवे दिवे लागतात. मी विचारलं, किती दिवे लागले म्हणजे भरली? तो म्हणाला, "दोन लागले की फुल." मी मानलं. वाचता येत नाही असं नाही, पण मशीनीसोबत आलेल्या पुस्तकात सगळं इंग्रजी.

मैदान अर्धं कापलेलं, अर्धं उभं. आठवड्याभरात साहेबांनी बोलावलं. आवाज चढवला नाही त्यांनी, तेच जास्त लागलं. "काका, दुसरीकडे हीच मशीन दिवसभर चालते म्हणतात. तुम्हांला जमत नसेल तर सांगा. महिनाअखेरपर्यंत पाहू, नाहीतर दुसरा माणूस घ्यावा लागेल."

त्या दिवशी अनसिंगला घरी जाताना जीपमध्ये मी आपल्याच बोटाकडे पाहत बसलो. खटका जोरात दाबतो म्हणून बॅटरी संपत असेल, असं माझं मलाच वाटायला लागलं होतं. माणसाला स्वतःच्या हाताचा भरवसा वाटू नये, यापेक्षा वाईट काही नाही.

मग एका सकाळी सुपरवायझर फोन घेऊन माझ्याजवळ आला. जुनी सवय. मशीन सुरू आहे, भैरा मान खाली घालून कापतो आहे, म्हणजे भिंत उभी आहे. भिंत त्यानेच कुलपात टाकली होती हे तो विसरला. गुणगुणीवरून मला त्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. फोनवर त्याचा साळा होता, बायकोचा भाऊ.

"अर्ध्याच भरून देतो मी त्याले," तो म्हणाला. "दोन दिवे म्हंजे फुल, असं सांगून ठेवलं. मानलं बुढ्यानं." तिकडून साळा हसला असावा, कारण हाही हसला. "महिना जाऊ दे. साहेब काढूनच टाकते त्याले. तू फक्त तयार राय."

माझी मान वर येत होती, ती मी दाबून ठेवली. खटका सोडला नाही. तो गेल्यावर बॅटरी काढून उन्हात धरली. दिव्यांसाठी चार जागा होत्या. चार. रोज पाहत होतो आणि मोजल्या नव्हत्या.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "साहेबाले जाऊन सांगा मंग."

"कोन मानंल? भैऱ्यानं ऐकलं म्हनून?"

तिनं भाकरी थापता थापता विचार केला. "मंग साहेबाच्याच कानी पडू द्या."

साहेब जेवणानंतर पेपर घेऊन मेंदीच्या कुंपणामागच्या बाकावर बसतात. कुंपण माणसाच्या छातीइतकं उंच, बसलेला माणूस इकडून दिसत नाही. दुसऱ्या दिवशी मी थोडी बॅटरी वाचवून ठेवली आणि त्या वेळेला कापत कापत मेंदीकडे सरकलो. सुपरवायझर फोन घेऊन मागं आला, आडोशाला येतो तसा. त्याने "हं, बोल" म्हटलं आणि माझी बॅटरी संपली. मशीन गप्प झाली, तोही गप्प झाला आणि निघून गेला. त्याच्याच लबाडीनं तो वाचला.

त्यावर मी एकच उपाय काढला. पुढच्या दिवसापासून सकाळभर विळ्यानं कापायला लागलो. बॅटऱ्या दुपारसाठी राखून ठेवल्या. या वयात उकिडवं बसून विळा चालवला की गुडघे काय म्हणतात ते मी सांगत नाही. सुपरवायझर शिपायांना घेऊन पाहायला आला.

"पाहा रे, बुढा विळ्यावर आला," तो म्हणाला. "उद्या दातानं तोडते का, भैऱ्या?"

मी हसलो. खरंच हसलो. त्याला वाटलं, ऐकूच आलं नाही.

तीन दिवस काही जुळलं नाही. कधी साहेब नाही, कधी याचा फोन नाही. चौथ्या दिवशी बाकावर पेपरची सळसळ झाली, आणि मेंदीखालून साहेबांच्या काळ्या चपला दिसल्या. मी खटका दाबला. थोड्या वेळानं माझ्या पाठीमागं तो आला. साळ्याचाच फोन. गुणगुणीच्या वर जावं म्हणून आवाज चढवून बोलत होता.

मी थांबलो. आंबा पाडाला येईपर्यंत थांबावं तसा.

"अरे, साहेबाले काय समजते मशीनीतलं," तो म्हणत होता. मी खटका सोडला. मशीन एकदम चूप. आणि त्याचं पुढचं वाक्य त्याच चढ्या आवाजात मोकळ्या मैदानावर गेलं. "बॅटरी मीच अर्धी देतो भैऱ्याले, अन् साहेब म्हनते बुढ्याले जमत नाही."

मेंदीमागून साहेब उठून उभे राहिले. पेपरची घडी घातली, सावकाश. मग म्हणाले, "चार्जरच्या खोलीची किल्ली इकडे द्या."

त्याने किल्ली दिली. ती देताना तो माझ्याकडे पाहत होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. खटका दाबला आणि राहिलेला गवताचा पट्टा कापून टाकला.

हे मी मुद्दाम केलं. पुण्याचं काम केलं असं मी म्हणत नाही. सहन करणारी मोठी मनं असतात म्हणतात, असतील. माझं नाही.

आता किल्ली माझ्या करगोट्याला असते. रोज चार दिवे पाहून निघतो, आणि मैदान संध्याकाळपर्यंत पुरं होतं. साहेबांनी जुनी मशीन परत देऊ केली, मी घेतली नाही. तिच्यावर जीव होता माझा, पण ती माझ्या शत्रूची भिंत होती.

कंत्राटदारानं त्याला काढलं. यंदा सोयाबीन निघाल्यावर अनसिंगच्या फाट्यावर चहाच्या टपरीत तो मला भेटला. जवळ सरकून बसला, दाढी वाढलेली, आवाज अगदी बारीक.

"काका," तो म्हणाला. पहिल्यांदा. "साहेब तुमचं ऐकते. दुसऱ्या ठिकानी कामाचं चालू आहे, ते लोक साहेबाले विचारतीन. माह्यासाठी एक शब्द टाका ना."

मी कप खाली ठेवला. हाताचा पंजा कानामागं धरला.

"काय म्हनलं?"

त्याने इकडे तिकडे पाहिलं. टपरीत दहा-बारा माणसं होती, अर्धी आमच्याच गावची. "साहेबाले सांगा म्हनलं, माह्यासाठी."

"मोठ्यानं बोल ना, बापू. मी भैरा आहो."

त्याचे कान लाल झाले. मग तो बोलला, मोठ्यानं. "साहेबाले माह्यासाठी एक शब्द सांगा, काका. मले काम नाही."

सगळ्यांनी वळून पाहिलं. मी चहा संपेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिलो, आणि मग पंजा परत कानामागं नेला.