मी पुसलेली रेघ

बुऱ्हाणपुरात माझा लहानसा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, पासपोर्टचे फोटो, शिवाय एका प्लास्टिक सर्जनच्या दवाखान्यात पेशंटच्या चेहऱ्याचे ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे फोटो काढायचो. डॉक्टरांनी डिजिटल कॅमेरा आणला, तरी काही महिने मी प्रत्येकाचा एक फोटो जुन्या कॅमेऱ्यातल्या ब्लॅक अँड व्हाइट रोलवरही काढत असे. नव्या यंत्राचा भरवसा वाटत नव्हता.

तेव्हाच धूलकोटची एक तरुणी आली. बैलाच्या शिंगाने गाल फाटला होता, जखम गाठी धरून भरली होती. ऑपरेशन चांगलं झालं. टाके काढले त्या दिवशी मी नंतरचा फोटो काढायला आलो होतो. डॉक्टरांनी तिच्या भावाला कॉम्प्युटरवर आधीचा फोटो दाखवला. तो स्क्रीनकडे बघत राहिला, मग बहिणीकडे.

"ही ओठाजवळची लकीर कुठून आली? फोटोत तर नाहीये. साहेब, तुम्ही इथंही चिरलं?"

"ती आधीपासून होती. मी पाहिलीय," डॉक्टर म्हणाले.

"मग फोटोत का नाही?"

"दादा, ऐक ना..." बहीण म्हणाली.

"तू चुप बैस!" त्याचा आवाज ऐकून बाहेर बसलेले दोन नातेवाईक आत येऊन दारात उभे राहिले.

ती रेघ मीच पुसली होती. नवरीच्या चेहऱ्यावरचे डाग काढून काढून हाताला सवय लागलेली. फोटो कॉम्प्युटरवर चढवताना गाल तसाच ठेवला, पण ती बारीक रेघ सहज काढून टाकली. मूळ फोटो कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरून कधीच उडवला होता. गप्प राहिलो असतो तर ठपका डॉक्टरांवर गेला असता.

"मी पुसली," मी म्हणालो.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला मान वर करवेना.

"वा! दोघं मिळून आम्हाला बनवताय," भाऊ म्हणाला.

तिचा आधीचा फोटो असलेला ब्लॅक अँड व्हाइट रोल अजून जुन्या कॅमेऱ्यातच होता. मी स्टुडिओकडे निघालो, भाऊ मागोमाग. डार्करूमच्या दाराबाहेर त्याच्या येरझारा ऐकू येत होत्या. अंधारात फिल्म धुण्यासाठी चकरीवर गुंडाळताना ती अडकली. ओढली असती तर फाटली असती. मी थांबलो, श्वास घेतला, पुन्हा पहिल्यापासून गुंडाळली. शेवटी मोठा फोटो ओलाच हातात धरून आम्ही दवाखान्यात परतलो.

रेघ होती. स्पष्ट.

मग बहीणच बोलली, "शिंग लागलं तेव्हाचीच आहे रे. तुम्ही सगळे गालाकडेच बघायचात. मला कुणी विचारलंच नाही."

त्याने डॉक्टरांपुढे हात जोडले. माझ्याकडे बघितलंही नाही, आणि त्यात त्याची चूक नव्हती.

ते गेल्यावर डॉक्टर एवढंच म्हणाले, "तुम्ही आज खोटं बोलला असतात, तर उद्यापासून येऊ नका म्हणालो असतो."

त्यानंतर दवाखान्याचा एकही फोटो मी सुधारला नाही. कार्डावरचे फोटो आहेत तसेच तिथंच कॉम्प्युटरवर उतरवायचे, त्यांची सीडी करायची आणि डॉक्टरांच्या कपाटात ठेवूनच घरी जायचं, हा नियम मीच माझ्यापुरता केला.