दयानंदचा स्पंज आणि उमाकांतचा ओठ

दयानंदचा हात एकदा वर गेला की काहीतरी मोडूनच खाली यायचा. निपाणीकडच्या तालमीत त्याच्या बापानं, आप्पाजी पैलवानानं, त्याला भाकरीपेक्षा मारावरच जास्त वाढवलेलं. शाळेत त्यानं मास्तरांची छडी मोडली, पुढं बसमध्ये कंडक्टरचं नाक मोडलं आणि बेंगळुरूला आल्यावर हेब्बाळच्या पुलाखाली एका रिक्षाचा आरसा मोडला. रिक्षावाला तो आरसा धरून उभा होता, त्यामुळं त्याची दोन बोटंही गेली.

पण बघा, हाच हात टायरवर आला की मांजराच्या पंज्यासारखा मऊ व्हायचा. सर्जापूर रोडवर सुधींद्र नावाच्या माणसाचं गाड्या धुण्याचं सेंटर आहे. सुधींद्र म्हणजे बेंगळुरूत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातला, अर्धं बोलणं कन्नडमध्ये. त्याच्याकडं टायर काळेभोर करायचं काम दयानंदचं. भिंतीवर खिळ्यांना त्याची हत्यारं टांगलेली. लहान गाडीच्या बसक्या टायरला चपटा स्पंज. मोठ्या गाडीच्या टायरला मधे खोलगट असलेला, गालाला ओंजळ लावावी तसा बसणारा. टायरच्या अंगावर खोल अक्षरं, नक्षी असली तर मऊ केसांचा ब्रश. पॉलिश घ्यायचं ते स्पंजावर, टायरवर ओतायचं नाही. पैलवानाच्या पाठीत तेल जिरवतात तसं जिरवायचं आणि उरलेलं फडक्यानं टिपून घ्यायचं, नाहीतर गाडी पळाली की थेंब उडून दारावर बसतात. आणि टायर रस्त्याला टेकतो त्या पट्टीवर स्पंज चुकूनही न्यायचा नाही. तिथं पॉलिश लागलं की गाडी घसरलीच म्हणून समजा.

त्याच्या शेजारी काम करायचा बिदरकडचा उमाकांत. सगळ्या टायरांना त्याचा एकच झाडूएवढा ब्रश. डब्यात बुडवायचा, भिंतीला चुना मारल्यासारखा फिरवायचा की झालं. दयानंदनं तो ब्रश आधी गटारात फेकला, मग गच्चीवर फेकला आणि शेवटी उमाकांतलाच पाण्याच्या टाकीत फेकला. त्या दिवशी सुधींद्रनं दयानंदला बजावलं, की माझ्या अंगणात आणखी एकदा हात उचललास तर स्पंज गोळा करायचे आणि चालू लागायचं. घरी बायकोनं, शिवलीलानं, त्यावर कडी केली. मारामारीपायी हेही काम गेलं, तर मी माहेरची, चिक्कोडीची बस धरीन आणि परत येणार नाही, असं तिनं शांतपणे भाकरी थापत सांगितलं. आरडाओरडा केला असता तर दयानंद इतका घाबरला नसता.

महिनाभर हात खिशात राहिले. मग दसऱ्याच्या आदल्या दिवसाची, गाड्या-हत्यारं पुजायची आयुधपूजा आली.

त्या सकाळी सेंटरबाहेर गाड्यांची रांग. झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबं. मुहूर्ताला फोडायचा कोहळा कुंकू माखून टेबलावर बसलेला. तेवढ्यात दयानंदला फोन आला. शिवलीला पूजेचं सामान घेऊन येत होती, ती वळणावर स्कूटरसकट आडवी झाली होती.

तो दवाखान्यात धावला. तिला आत प्लास्टर घालत होते. बाहेर कुणीतरी ढकलत आणलेली स्कूटर उभी होती, हँडल वाकडं, त्याच्या टोकाला रक्त. त्यानं टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या पट्टीवर बोट फिरवलं. बोट गुळगुळीत काळं झालं.

स्कूटर आदल्या दिवशी सेंटरवर धुतली होती. धुतली होती उमाकांतनं. दयानंदला पुढचं काही विचारायचं सुचलं नाही. तो तसाच मागं फिरला.

उमाकांत एका गाडीपुढं वाकून हार बांधत होता. दयानंदनं त्याला कॉलर धरून उचलला आणि बॉनेटवर आपटला. पहिल्या ठोशात ओठ फाटला, दुसऱ्यात झेंडू लाल झाले. उमाकांतही काही सोवळ्यातला नव्हता. त्यानं पाण्याची बंदूक ओढून जोराची धार सरळ दयानंदच्या तोंडावर सोडली. दयानंद आंधळा होऊन पडला, पण पडता पडता त्याचा पाय धरून त्यालाही खाली आणला. दोघं साबणाच्या फेसात लोळले, बादल्या उडाल्या. गुडघा बरगडीत बसला तो आवाज रांगेतल्या शेवटच्या ड्रायव्हरनं ऐकला म्हणतात. दयानंदनं मग उमाकांतचं डोकं टायरवर दाबून धरलं आणि दुसरा हात मागं नेला.

"सोडा त्याला," शिवलीला म्हणाली.

ती त्याच्या मागोमाग येऊन रिक्षातून उतरत होती. हात गळ्यात, कपाळाला पट्टी.

"यानं तुझ्या टायरला पॉलिश फासलं."

"त्यानं नाही. मी लावलं." ती जवळ आली. "तुम्ही साऱ्या जगाच्या गाड्या चमकवता. आपली एकटीच फिकी का, म्हणून पहाटे लावलं. घरातल्या तुमच्या जुन्या स्पंजानं. सगळीकडं लावलं, पूजेला अर्धवट कशाला."

दयानंदचा हात हवेतच राहिला. उमाकांतच्या ब्रशाचे ओरखडे तो दहा पावलांवरून ओळखायचा, आणि त्या टायरवर एकही ओरखडा नव्हता. पॉलिश छान जिरवलेलं होतं. बोट फिरवलं, पण डोळे कुठं फिरवले होते?

एवढ्यात आतून सुधींद्र आला. फुटक्या बादल्या, लाल झेंडू, उमाकांतचा टोमॅटोसारखा ओठ. काय झालं, असं त्यानं उमाकांतलाच विचारलं. शिवलीलानं चांगल्या हातानं पदर घट्ट धरला.

उमाकांत रक्त थुंकला. तिच्या प्लास्टरकडं बघितलं, दयानंदकडं बघितलं.

"फुटक्या कोहळ्यावरनं घसरलो, अण्णा. आयुधपूजेला कोण घसरत नाही?"

सुधींद्रनं टेबलाकडं पाहिलं. कोहळा जसाच्या तसा, कुंकवाचा टिळा लावून बसलेला. रांगेतला कुणी हसलासुद्धा नाही. सुधींद्रनं सावकाश जाऊन तो दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि दाराशी असा हाणला की बिया दयानंदच्या दाढीपर्यंत उडाल्या.

"सरी, बरंय. आता घसरलास," तो म्हणाला आणि पूजेला आत गेला.

उमाकांत उठला, हात पुसले आणि दयानंदच्या कानाखाली अशी ठेवून दिली की तो दोन पावलं हलला. दयानंदनं हात खिशात घातले.

"अजून एक," शिवलीला म्हणाली. "माझ्याकडची."

तिनं चांगल्या हातानं दिलेली जास्त जोरात बसली. मग दयानंद गाल चोळत स्कूटर आणायला गेला, आणि दुपारभर तिच्या टायरची पट्टी साबणानं घासत बसला. उमाकांतचा झाडूएवढा ब्रश त्यानं त्यासाठी मागून घेतला होता.