टँकरवरचं दूध

त्या दुष्काळात आमच्या नांदूरघाटच्या बाजूला टँकर दिसला की बाया कळश्या घेऊन धावायच्या. बायकांच्या दूध संस्थेनं नेमका तेव्हाच एक जुना टँकर घेतला. चारा छावणीवरच्या जनावरांचं दूध त्यातून जायचं.

आठवडाभरातच संस्थेच्या चेअरमनबाई माझ्या दुकानात आल्या. मी पाट्या रंगवायचो. बाई म्हणाल्या, "पेंटर, गाडी थांबली की माणसं पळत येत्यात. दूध हाय म्हनलं की तोंडं उतरत्यात. मला बघवत न्हाई. लांबूनच कळंल असं लिवा."

टँकरवर संस्थेचं नाव होतं, पण बारीक, टोकदार अक्षरांत. वर लाल सावली. माझंच काम. धुळीत ते पाच पावलांवरूनही दिसत नव्हतं.

मी ते खरवडून काढलं आणि खडूनं 'दूध' आखलं, टँकरच्या पोटाएवढं. दांड्या जाड केल्या, टोकं सगळी गोल. शिरोरेघेचे कोपरेसुद्धा बोटानं पुसून गोल केले. 'ध' मात्र जमेना. जाड केला की आतली जागा बुजायची आणि अक्षराचा गोळा व्हायचा. तीनदा पुसला. शेवटी पोट थोडं फुगवलं, आत पांढरं राहू दिलं. मग निळा रंग भरला. सावली नाही, वेलबुट्टी नाही.

बाई लांब बांधापर्यंत चालत गेल्या आणि तिथून ओरडल्या, "दिसतंय! लई दिसतंय! खाऊनपिऊन असल्यावानी हाय!"

त्या वर्षी खाऊनपिऊन असलेलं दुसरं काही नव्हतंच आसपास. मला फार बरं वाटलं. पुढं हा टँकर आला की बाया उंबऱ्यातूनच बघायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या. फुकटची धावपळ थांबली.

मग संस्थेच्या बाया आपापले कॅन घेऊन आल्या. दूध केंद्रावर कॅन बदलायचे, भांडणं व्हायची. "तसल्याच गुबगुबीत अक्षरात माजं नाव टाका," प्रत्येकीचं म्हणणं. त्यांच्या नावांपायी मला जवळजवळ सगळी बाराखडी गोल करावी लागली. 'ळ' सगळ्यात सोपा गेला, तो मुळातच गुबगुबीत.

शेवटी माझी बायको कॅन घेऊन उभी राहिली. आमच्यात एकमेकांचं नाव घेत नाहीत. लग्नाला इतकी वर्षं होऊनही मी तिला "अगं" म्हणायचो. तिच्या नावाची अक्षरं मी दोनदा पुसून पुन्हा आखली. ती शेजारीच बसून होती. रंग वाळल्यावर तिनं एकेका अक्षरावरून बोट फिरवलं.

"एवढी जाड हाय का मी?" ती म्हणाली.

"छावणीवरचं दूध पितीस," मी म्हणालो.

ती इतकी हसली की शेजारचा शिंपी मशीन थांबवून बघायला आला.